तीस रुपयांचं भजन

बारामतीहून इंदापूरला जाताना वाटेत निमगाव केतकी लागतं. गाव पानमळ्यांचं. तिथे एक आक्का राहत होती. तिचा थोडकाच पानमळा होता. मुलगा आणि सून पुण्याला कामाला होते, नववीतली नात आजीजवळ होती.

आक्काला वाचता येत नव्हतं, पण पान हातात आलं की ते कळी की फापडा हे तिच्या बोटांना कळायचं. चळत लावताना ती एकेक पान उलटून बघायची. देठापाशी डाग दिसला की पान बाजूला. एक नासकं पान आत राहिलं की सगळी चळत जाते, हे तिला सासूने शिकवलं होतं.

घरात बटणांचा एक साधा फोन होता. व्यापाऱ्याशी बोलायला आणि मुलाची खुशाली कळायला तेवढा पुरे होता. आक्का पन्नासचं रिचार्ज मारायची आणि पुरवून पुरवून वापरायची. २०१३ ची दिवाळी झाली आणि पैसे पुरेनासे झाले. महिन्यातून एकदा, फोन कोनाड्यात पडलेला असतानाच पैसे संपायचे. शेजारीण म्हणाली, "वयात आलेली पोर आहे घरात. लक्ष ठेवा." आक्का काही बोलली नाही, पण ते तिच्या मनात राहिलं.

आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्याने पंढरपूरला जाते. २०१४ च्या वारीत आक्काची धाकटी बहीण दिंडीत होती. तिच्याकडे फोन नव्हता, दिंडीच्या ट्रकवाल्याचा नंबर तेवढा आक्काजवळ होता. पालखी गावात आली, रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. बहीण कुठे उतरली ते विचारायला आक्काने नंबर लावला, तर पैसे संपल्याचा निरोप ऐकू आला. कालच दुकानदाराने तीस-पस्तीस रुपये शिल्लक असल्याचं सांगितलं होतं. आक्का रात्रीपर्यंत राहुट्या धुंडाळत फिरली. पहाटे दिंडी पुढे गेली. बहिणींची भेट राहिली.

घरी येऊन आक्का नातीला नको ते बोलली. "कुणाशी बोलतेस एवढी?" असं तिने चार बायकांसमोर विचारलं. पोरगी रडली नाही. पण त्या दिवसापासून तिने फोनला हात लावला नाही. फोन तिच्या पुढ्यात वाजत असला तरी ती उठायची, मळ्याच्या बांधापर्यंत जायची आणि हाक मारायची, "आजी, फोन वाजतोय."

असा महिना गेला. एकदा पानांचा व्यापारी घरी आला. चहा घेताना म्हणाला, "आक्का, तुमच्या फोनवरचं भजन फार गोड आहे बघा. तुम्ही फोन उशिरा उचलला तरी चालतं."

"कुठलं भजन?" आक्काने विचारलं.

व्यापाऱ्याने स्वतःच्या फोनवरून तिचा नंबर लावला आणि फोन तिच्या कानाला लावला. तिच्या कनवटीचा फोन थरथरत होता आणि कानात टाळ-मृदंग वाजत होते. तिला फोन करणाऱ्या प्रत्येकाने ते भजन ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं ते फक्त पैसे भरणारीने.

रिचार्जच्या दुकानातल्या पोराने सांगितलं, "कॉलर ट्यून आहे. महिन्याला तीस रुपये जातात. कधीतरी स्क्रीनवर काहीतरी आलं असेल आणि तुमच्याकडून बटण दाबलं गेलं असेल. जाऊ द्या, सगळ्यांचेच जातात."

आक्काने ते जाऊ दिलं नाही. नातीच्या शाळेतल्या सरांकडे गेली. सरांनी माहिती काढली. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, १० जुलै २०१३ रोजीच कंपन्यांना बजावलं होतं की अशी सेवा सुरू करताना ग्राहकाला दुसऱ्यांदा विचारून पक्का होकार घ्यायचा, मगच पैसे कापायचे. सेवा बंद करायला १५५२२३ हा नंबर होता. चोवीस तासांच्या आत तक्रार केली तर पैसे परत मिळायचे. शिवाय २०१२ च्या नियमाप्रमाणे प्रीपेडवाल्यालाही मागच्या सहा महिन्यांचा तपशीलवार हिशेब मागता येत होता. त्यासाठी कंपनी जास्तीत जास्त ५० रुपये घेऊ शकत होती.

"तीस रुपयांसाठी पन्नास घालवणार?" दुकानातलं पोर हसलं.

"घालवणार," आक्का म्हणाली.

कागद आले. आक्काने ते नातीपुढे ठेवले आणि म्हणाली, "वाच. एक ओळसुद्धा सोडू नको." पोरगी बोट ठेवून वाचत गेली. व्यापाऱ्याचा नंबर, बापाचा नंबर, पुन्हा व्यापाऱ्याचा. अनोळखी एकही नंबर नव्हता. पालखी आली त्या दिवशीच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तीस रुपये पहाटे गेले होते, घर झोपेत असताना.

आक्का बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. मग नातीला म्हणाली, "पोरी, मी तुझ्यावर आळ घेतला. चार बायकांसमोर घेतला, आता चार बायकांसमोरच सांगते." तिने शेजारणींना बोलावलं आणि सांगितलं. मग फोन नातीच्या हातात दिला.

नातीने आधी ते भजन बंद केलं. मग १९८ वर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून घेतला. चोवीस तास कधीच उलटून गेल्याचं तिकडून सांगण्यात आलं. पोरगी म्हणाली, "मग आजीचा दुसऱ्यांदा घेतलेला होकार दाखवा." तो त्यांना दाखवता आला नाही. वर अपील करावं लागलं, दोनदा तेच सगळं पुन्हा सांगावं लागलं, पण कापलेले पैसे फोनमध्ये जमा झाले.

मागाहून बिलात घुसवलेली अशी रक्कम मुद्दामच लहान ठेवलेली असते, कारण तीस रुपयांसाठी कोण भांडत बसणार? हा धंदा देशोदेशी चालत आला आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये एटी अँड टी या कंपनीला अशाच वसुलीच्या प्रकरणात साडेदहा कोटी डॉलर देण्याचं मान्य करावं लागलं. तिथे निदान कागदी बिल तरी घरी यायचं. आपल्याकडच्या प्रीपेडवाल्यापुढे कागदच येत नाही. पैसे गेलेले दिसतात, नेणारा दिसत नाही, आणि मग संशय घरातल्या ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर जातो. आक्काचे तीस रुपये भरून आले. नातीचा गेलेला महिना कुठल्याही कंपनीला परत करता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती शेजारीण आपला फोन घेऊन आली. "माझ्या फोनला काय लागतं, ते मला कोण सांगणार?" तिने विचारलं. नातीने तिचा नंबर लावला आणि फोन तिच्या कानाला दिला. तिच्या मागे आणखी दोघी-तिघी फोन घेऊन उभ्या होत्या.