शिकाऊ पोरांच्या हाती टेस्टर देण्याआधी

सावेडी, अहिल्यानगर
खंडेनवमी

चि. बाळास,


तुझा फोन झाला. कारखान्यात तुझ्या हाताखाली आयटीआयची दोन पोरं दिली आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि गाळप तर तोंडावर आलंय. "नाना, यांना शिकवू कधी आणि काम उरकू कधी?" असं तू विचारलंस. असल्या प्रश्नाला फोनवर उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. आज हत्यारांची पूजा झाली आहे, पक्कड-पाने बाजूला ठेवलेत, त्यामुळे सवडही आहे.

सगळं दोन वाक्यांत सांगतो. त्यांच्या जिवाच्या बाबतीत तसूभरही ढील देऊ नकोस. आणि दोष शोधण्याच्या बाबतीत त्यांना कधीही घाई करू नकोस. बहुतेक ठिकाणी याच्या नेमकं उलट चालतं. लाइन बंद केली की नाही हे बघायला कुणाला वेळ नसतो आणि पोरगं पॅनलसमोर दोन मिनिटं विचार करत उभं राहिलं की "सरक बाजूला" म्हणून त्याला ढकलतात.

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने ही पोरं कामगार नाहीत, शिकाऊ उमेदवार आहेत. चहा आणायला, पाने उचलायला किंवा रिकामी शिफ्ट भरायला ती आलेली नाहीत. दोन वर्षं आयटीआयच्या बाकावर त्यांनी स्टार-डेल्टाची आकृती वहीत काढली आहे. ऊस गव्हाणीत पडलेला असताना, मिल थांबलेली असताना आणि मागे चार साहेब उभे असताना तोच स्टार्टर उघडणं ही गोष्ट वेगळी. ते अंतर त्यांना पार करून देणं हे तुझं काम.

आधी जिवाचं. लाइन बंद आहे हे कुणी सांगितलं म्हणून ती बंद होत नाही. मीटर आधी चालू लाइनवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या लाइनवर, आणि मग पुन्हा चालू लाइनवर. मधल्या तपासणीच्या वेळी मीटरच मेला नव्हता याची खात्री तिसऱ्या तपासणीने होते. खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव टांगू नका. शेजारून चालू केबल जात असेल तर मेलेल्या वायरीवरही तो मिणमिणतो, आणि रबरी बूट घालून लाकडी स्टुलावर उभं राहिलं की चालू वायरीवरही कधी पेटत नाही.

परमिट घेतल्याशिवाय फीडरवर हात नाही. स्विचला कुलूप ज्याचं त्याने स्वतः लावायचं आणि किल्ली त्याच्याच खिशात राहायची, मॅनेजरने मागितली तरी. कपॅसिटर बँक बंद केल्यावरही चार्ज धरून असते, ती डिस्चार्ज केल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आणि बाहेरची वीज गेली म्हणजे तार मेली असं धरायचं नाही. कुणाचा जनरेटर, कुणाचा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर उलटा सप्लाय फेकतो आणि खांबावरचा वायरमन जातो. म्हणून काम करायच्या जागी तार आधी अर्थ करायची, मग हात लावायचा.

पोरांना एक अधिकार पहिल्याच दिवशी दे, आणि तो सगळ्यांसमोर दे. "मला हे सुरक्षित वाटत नाही, मी करणार नाही," असं ती तुलाही म्हणू शकतात. म्हटल्यावर कुणी हसलं तर त्या हसणाऱ्याला तू तिथेच थांबव.

आता दोष शोधण्याचं. मशीन बंद पडलं की पोरांचा हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. त्यांना आधी ऑपरेटरकडे जायला शिकव. काय आवाज झाला, वास आला का, एकदम बंद पडलं की हळूहळू, काल कुणी इथे काही काम केलं होतं का? अर्धा दोष ऑपरेटरच्या तोंडात असतो, फक्त त्याला नीट विचारावं लागतं, दरडावून नाही.

मग अंदाज. पॅनल उघडण्याआधी दोघांनी आपापला अंदाज वहीत लिहायचा. लक्षण काय, मला काय वाटतं, मी काय मोजलं, शेवटी काय निघालं, असे चार रकाने. चुकलेला अंदाज खोडायचा नाही. वर्षाच्या शेवटी त्या वहीत जितके चुकलेले अंदाज असतील तितकं त्यांचं शिक्षण झालं असं समज.

साध्या स्टार्टरपासून सुरुवात कर. बटण दाबलं की मोटार चालते, सोडलं की बंद. नवखा पोरगा कॉइल बदलायला धावेल. त्याला विचार, कॉइल गेली असती तर बटण दाबल्यावर तरी कॉन्टॅक्टर ओढला गेला असता का? मग उरलं काय? १३-१४ चा होल्डिंग कॉन्टॅक्ट किंवा त्याची वायर. उलट, बटण दाबूनही काहीच होत नसेल तर एका टोकापासून सुरू न करता सर्किटच्या मध्यावर मोजायला लाव. ओव्हरलोड रिलेच्या ९५-९६ च्या पुढे व्होल्टेज मिळालं तर फ्यूज आणि रिलेपर्यंतचा अर्धा भाग निर्दोष, नाही मिळालं तर पुढच्या भागाकडे तूर्त बघायचं नाही. दर मोजणीने शोधायची जागा निम्मी होते. दहा पार्ट बदलून अकराव्याला मशीन चालू करणारा इलेक्ट्रिशियन नव्हे, तो पार्टचा दुकानदार.

मोटार आणि स्टार्टर बनवणारे मोठे कारखाने आपल्याच नागापूर एमआयडीसीत आहेत, पण जळालेली मोटार वाचायला शिकायची जागा म्हणजे गावोगावची वायंडिंगची दुकानं. सुट्टीच्या दिवशी पोरांना तिथे घेऊन जा. उघडलेली मोटार दाखव आणि काही सांगू नकोस. स्टार जोडणीत दोन फेजची कॉइल काळी आणि तिसरी जशीच्या तशी असेल तर एक फेज गेला होता. डेल्टात असेल तर बहुधा एकाच फेजचा संच काळा होतो. तिन्ही सारख्याच करपल्या असतील तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. एकाच जागी खड्डा पडला असेल तर तिथलं इन्सुलेशन फुटलं. जळालेलं तांबं खोटं बोलत नाही.

आणि एक फेज गेल्यावर मोटार का जळते हे त्यांना आकड्यात कळू दे. लोड तोच राहतो, म्हणून उरलेल्या दोन तारांतला करंट जवळपास पावणेदोन पट होतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिप्पट. ओव्हरलोड रिले नीट लावलेला नसेल तर मोटारीला वाचवणारं कुणी नाही. आपल्याकडे शेतीला कधी दिवसपाळीने, कधी रात्रपाळीने लाइट. रात्री विहिरीवर जायला नको म्हणून शेतकरी ऑटोस्विच लावतो. लाइट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येक मोटार सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज बसतं, डीपीचा फ्यूज उडतो आणि मग दोनच फेजवर मोटारी घरघरत राहतात. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळं होऊ नका. रात्री साप-विंचवात चालत जाणारा तो आहे. राळेगणसिद्धीसारख्या गावांतून सौर कृषी वाहिनीने दिवसा वीज देण्याची सुरुवात झाली ती याच दुखण्यावर. दोष तारेत दिसतो, पण त्याचं मूळ कित्येकदा माणसाच्या अडचणीत असतं.

अर्थिंगही असंच. राहाता-कोपरगावच्या कालव्याखालच्या काळ्या जमिनीत पाइप ठोकला की बऱ्यापैकी अर्थ मिळतो. पारनेर-पाथर्डीच्या मुरमाड माळावर तोच पाइप उन्हाळ्यात नावापुरता उरतो. पोरांना हिशेब करायला लाव. अर्थचा रोध १० ओहम असेल तर २३० व्होल्टला २३ अँपिअरच वाहतील. ३२ अँपिअरचा एमसीबी त्यावर पडणार नाही आणि मोटारीची बॉडी जिवंत राहील. ओल्या अंगाचा माणूस तिला टेकला तर त्याला मरायला एक अँपिअरचा छोटासा भागही पुरतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ग्राहक त्याचे पैसे वाचवू म्हणाला तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडायचा आणि तरीही नको म्हणाला तर काम सोडायचं.

घराघरात आणखी एक दोष भेटेल. एका घरात बल्ब डोळे दिपवतोय, शेजारच्या घरात पंखा फिरेना. लोक म्हणतात, व्होल्टेज कमी-जास्त होतंय. तिथे स्टॅबिलायझर विकू नका, न्यूट्रल तपासा. डीपीवर न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर लोड कमी त्या घरांवर जास्त व्होल्टेज जातं, तीनशेच्याही पुढे. फ्रिज, टीव्ही एका रात्रीत जातात.

"शॉर्टसर्किट झालं" या दोन शब्दांवर पोरांना समाधानी होऊ देऊ नकोस. ६ नोव्हेंबर २०२१ ला आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान ११ रुग्ण गेले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० तान्ही बाळं गेली होती. त्या आगींच्या कारणांवर बोलणं माझं काम नाही. आपल्या धंद्यापुरतं सांगतो. शॉर्टसर्किट हे कारण नसतं, ती शेवटची पायरी असते. तिच्या आधी सैल स्क्रू असतो, लोड वाढला तरी तीच राहिलेली वायर असते, फ्यूजमध्ये घातलेली जाड तार असते. ५० अँपिअर जाणाऱ्या जोडात एका ओहमच्या दहाव्या हिश्श्याइतका रोध आला तर त्या एका टोकावर २५० वॅट जळत राहतात, दिवसरात्र, कुणाला न दिसता. टोकं आवळायचं काम पोरांना हलकं वाटेल. त्यांना हा आकडा सांग.

कारखान्यातल्या तुझ्या मोटारी पावसाळाभर ओल धरून बसल्या असतील. मेगर पोरांच्याच हाती दे. इन्सुलेशनचा रोध कमीत कमी किती हवा, तर जुना नियम किलोव्होल्ट अधिक एक, म्हणजे ४१५ व्होल्टच्या मोटारीला दीड मेगओहमच्या आसपास. पण पास झाली म्हणून पुढे जाऊ देऊ नकोस, मागच्या वर्षीचा आकडा शेजारी लिहायला लाव. पन्नासवरून पाचवर आलेली मोटार पास असली तरी आजारी आहे. आणि ड्राइव्हवर चालणारी मोटार असेल तर केबल सोडल्याशिवाय मेगर लावायचा नाही, नाहीतर ड्राइव्ह जाईल. ड्राइव्ह आणि पीएलसी या पोरांना माझ्यापेक्षा आणि कदाचित तुझ्यापेक्षा बरे कळतील. त्यांच्याकडून ते शिकून घे, आणि शिकतोयस हे त्यांना दिसू दे.

आमच्या वेळचे काही वस्ताद स्टार्टरची जोडणी करताना पाठ फिरवायचे. विद्या दाखवली तर पोरगं उद्या शेजारी दुकान टाकेल ही भीती. शिव्या आणि चापट हेच शिक्षण. त्यातूनही माणसं तयार झाली म्हणून ती पद्धत चांगली ठरत नाही. जी माणसं त्या धाकाने धंदा सोडून गेली त्यांची मोजदाद कुणी ठेवली? शिवी खाल्लेलं पोरगं पुढच्या वेळी चूक लपवतं, आणि आपल्या धंद्यात लपवलेली चूक दुसऱ्याच्या जिवावर येते. त्या मुलीला "तू वही सांभाळ" म्हणून टेबलावर बसवू नकोस. खांबावर, खड्ड्यात, पॅनलमध्ये दोघांना सारखं काम, आणि पाळीने.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. गाळप सुरू झाल्यावर शिकवायला वेगळा वेळ मिळणार नाही, मिळत नसतोच. म्हणून ब्रेकडाऊन आला की तू पॅनलपुढे त्यांच्या मागे उभा राहा, हात पाठीशी बांध आणि विचार, "काय वाटतं?" साहेबांनी घाई केली तर ती तुझ्या अंगावर घे, पोरांपर्यंत जाऊ देऊ नकोस. पहिल्या महिन्यात दर वेळी थोडा वेळ जास्त जाईल. हंगाम निम्म्यावर आला की रात्रपाळीला तुला उठवायची गरज कमी होईल आणि तो वेळ व्याजासकट परत येईल. एका प्रसंगी मात्र हात पाठीशी ठेवायचे नाहीत. चालू लाइनकडे बोट गेलं की सगळं सोडून आधी त्यांना मागे ओढ.

उद्या दसरा आहे. परवा कामावर गेलास की आधी दोघांना एकेक कुलूप, एकेक वही आणि परमिट बुक दे. परमिटवर पहिली सही तू कर, त्यांना दिसेल अशी.

घरी सर्वांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नाना