सहा अश्वशक्तींचा हिशेब

मर्सिडीजची १९९१ची '५०० ई' आणि १९९४ची 'ई ५००' यांत फरक किती? नावातलं मागचं 'ई' पुढे आलं, समोरची जाळी बॉनेटमध्ये बसली. इंजिन तेच, पाच लिटरचं व्ही-८. दोन्हींच्या जुळणीत पोर्शचा हात. पण ताकद ३२६ अश्वशक्तीवरून ३२०वर आली. कारण प्रदूषण कमी करायला फुल थ्रॉटलला मिळणारं जादा इंधन बंद केलं.

शौकीन म्हणतात, "पहिलीच खरी." मीही म्हणायचो.

गेल्या वर्षी आमच्या ॲपमधला, युजरचं लोकेशन सतत टिपणारा कोड मी काढला. सूचना थोड्या चुकू लागल्या. रिव्ह्यू आले, "जुनं व्हर्जनच भारी होतं." वाईट वाटलं. मग त्या सहा अश्वशक्ती आठवल्या.

जुनं पुष्कळदा भारी वाटतं, कारण त्याची किंमत दुसराच कुणीतरी मोजत असतो: गाडीमागून येणारा, किंवा ज्याला कधी विचारलंच नाही असा युजर.

माझ्या भिंतीवर पोस्टर अजून १९९१चंच आहे. आवड बदलायलाच हवी असं नाही. पण एखाद्या गोष्टीला 'चांगली' म्हणताना 'कुणासाठी?' एवढं तरी विचारावं.