सोळा इंची पाऊल

एखाद्या सभ्य, संसारी बाईने येऊन आपल्याला सांगितलं, ‘आज आमच्या घराकडे साडेसात फूट उंचीचा, अंगभर केस असलेला कोणीतरी चालत आला,’ तर आपण काय म्हणावं? बारशाला काय म्हणावं, वाढदिवसाला काय म्हणावं, मयताला गेल्यावर काय म्हणू नये, हे सगळं आपल्याकडून लहानपणीच घोटून घेतलेलं असतं. या प्रसंगाची तयारी मात्र कोणी करून घेत नाही. त्यामुळे जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे बोलतो. एक जण विचारतो, ‘चष्म्याचा नंबर काय तुमच्या?’ दुसरा म्हणतो, ‘आदल्या रात्री जागरण झालं होतं का?’ तिसरा काहीच बोलत नाही, नुसतं बाईंच्या नवऱ्याकडे सहानुभूतीने पाहतो. आणि चौथा, ज्याची उभी हयात कचेरीत गेलेली असते, तो म्हणतो, ‘लेखी अर्ज द्या.’

ही बाई माझ्या कल्पनेतली नव्हे. कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. तिथे फ्रेझर नदीच्या खोऱ्यात, रुबी क्रीक नावाच्या जागी, डोंगराच्या पायथ्याशी तिचं घर होतं. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी हे कुटुंब. नवरा रेल्वेत कामाला. साल १९४१. पुढे लिहून ठेवलेल्या हकिकतीप्रमाणे थोरला मुलगा बाहेरून धावत आला आणि म्हणाला, ‘आई, रानातून गाय येते आहे!’ आईने बाहेर येऊन पाहिलं. तिला आधी ते अस्वल वाटलं. मग ते दोन पायांवर तसंच चालत पुढे येऊ लागलं, तेव्हा तिने पुढचा विचार केला नाही. तिन्ही मुलांना घेतलं आणि नदीच्या कडेकडेने गावाकडे पळ काढला.

संध्याकाळी नवरा घरी आला. घरात बायको नाही, मुलं नाहीत, कोठाराचं दार मोडलेलं, खारवलेल्या माशांचं पिंप लवंडलेलं आणि जमिनीवर पावलांचे ठसे. एकेक ठसा सोळा इंचांचा. म्हणजे आपली शाळेतली फूटपट्टी संपल्यावर आणखी चार इंच. बायको-पोरं गावात सुखरूप भेटली. पण त्या घरात ती मंडळी फार दिवस राहिली नाहीत.

या प्राण्याला तिकडे सॅस्क्वाच म्हणतात. तिथल्या हाल्कोमेलेम भाषेतला शब्द एका शाळामास्तराने १९२० च्या दशकात इंग्रजी कानाला सोसेल असा करून घेतला. पुढे १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कामावर असेच मोठे ठसे सापडले, तेव्हा वर्तमानपत्राने त्याचं नाव ‘बिगफूट’ ठेवलं. एक नाव मास्तराने ठेवलेलं, दुसरं वर्तमानपत्राने. ज्याला कोणी नीट पाहिलं नाही त्याच्या बारशाला मात्र दोन दोन आत्या हजर!

आता हा प्राणी आहे की नाही? माझं मत विचाराल तर नाही. उगाच तोंडात गुळणी धरून बसण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं झाली, पण एक हाड नाही, एक दात नाही, रस्त्यात मोटारीखाली सापडलेलं एक कलेवर नाही. कॅलिफोर्नियातल्या त्या रस्त्याचा कंत्राटदार २००२ साली वारला, तेव्हा त्याच्या घरच्यांनी लाकडी पावलांची एक जोडी बाहेर काढली आणि ही सगळी त्याची गंमत होती असं सांगितलं. १९७६ मध्ये एका संशोधकाने काही केस अमेरिकेच्या एफबीआयकडे तपासायला दिले. पुढच्या वर्षी उत्तर आलं, हरणाच्या जातीतले आहेत. २०१४ साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी जगभरातून आलेल्या असल्या केसांची तपासणी केली. निघालं काय? अस्वल, घोडा, साळिंदर, एक चक्क माणूस, आणि गायसुद्धा. म्हणजे त्या पोराची गाय अगदीच वाया गेली नाही! २०२४ मध्ये आणखी एक अभ्यास आला. उत्तर अमेरिकेत जिथे काळी अस्वलं जास्त, तिथे बिगफूट दिसल्याच्या बातम्याही जास्त. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, त्याच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखा दिसतो आणि माशांचं पिंप त्याला वर्ज्य नाही.

तेव्हा प्राण्याचा निकाल लागला. पण बाईचं काय करायचं?

इथेच आपली गाडी रूळ सोडते. ‘तसा प्राणी नाही’ या स्टेशनावर उतरायचं असतं. आपण झोपेत पुढे जातो आणि ‘म्हणजे बाई खोटं बोलते’ या स्टेशनावर उतरतो. मधे खोटं न बोलता चुकण्याचं, अर्धवट दिसण्याचं, भीतीने जागच्या जागी चार फूट वाढवून पाहण्याचं अशी किती तरी स्टेशनं असतात. तिथे मात्र आपली एक्स्प्रेस थांबत नाही.

आपल्या नैयायिकांना हे नीट कळलं होतं. संशय म्हणजे काय हे शिकवताना त्यांचं ठरलेलं उदाहरण आहे: तिन्हीसांजेला लांबवर काहीतरी उभं दिसतं. तो झाडाचा खुंट, की माणूस? आता पाहा, या उदाहरणात संशय आहे तो खुंटाबद्दल. पाहणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल कोणी शास्त्री चकार शब्द काढत नाही. दुसरं उदाहरण तर आपल्या विषयाच्या अंगणातलंच. शहरातल्या माणसाला रानात राहणारा सांगतो, ‘गवय नावाचा प्राणी असतो, गाईसारखा दिसतो.’ शहरवाला पुढे कधीतरी रानात जातो, तसा प्राणी पाहतो आणि ओळखतो, की हाच तो. उपमान नावाचं अख्खं प्रमाण या गोष्टीवर उभं आहे. आणि ती गोष्ट उभी आहे कशावर? तर रानातल्या माणसाचं बोलणं शहरातल्या माणसाने हसण्यावारी नेलं नाही, यावर. तो ‘काहीतरीच काय!’ म्हणाला असता, तर न्यायशास्त्र एका प्रमाणाला मुकलं असतं.

विलायतेतही हा प्रश्न गाजला. डेव्हिड ह्यूमने चमत्कारांवर लिहिताना एका हिंदी राजाचा दाखला दिला आहे. थंडीने पाणी गोठतं, हे त्या राजाला कोणीतरी सांगितलं. राजाने ते मानलं नाही. ह्यूम म्हणतो, राजाचं बरोबरच होतं, कारण त्याच्या अनुभवात पाणी कधी दगड झालं नव्हतं. बरोबर आहे. राजाचं तर्कशास्त्र बरोबर आणि बर्फही बरोबर. मला काळजी वाटते ती बर्फाची बातमी घेऊन आलेल्या माणसाची. त्याचं पुढे काय झालं, हे ह्यूम सांगत नाही. दरबारात त्याचं नाव जन्मभर ‘बर्फवाला’ पडलं असणार. पुढे त्याने पूर आला म्हणून सांगितलं असतं, तरी कोणी उठलं नसतं.

‘म्हणजे आता जो येईल त्याचं सगळं खरं मानायचं?’ असं तुम्ही विचाराल. नाही हो! तसं मानलं की काय होतं, हे मे २००१ मध्ये दिल्लीने पाहिलं. ‘मंकी मॅन’ नावाचा केसाळ प्राणी रात्री गच्च्यांवर येतो, ओरबाडतो, अशी बोलवा उठली. तक्रारी शेकड्यांनी आल्या. पोलिसांनी पन्नास हजारांचं बक्षीस लावलं. घाबरून पळताना, वरून पडून माणसं मेली. आणि अंगाने ठेंगण्या असलेल्या एका फिरत्या साधूला लोकांनी ‘हाच तो’ म्हणून बडवलं. माकड सापडलं नाही ते नाहीच. साधूला मात्र प्रमाणांपैकी फक्त प्रत्यक्ष तेवढं मिळालं, आणि तेही पाठीवर.

म्हणजे पंचाईत अशी आहे. मानलं तर साधू मार खातो, न मानलं तर बाई खोटी ठरते. दोघांचाही गुन्हा काही नाही. यातून वाट कोणती?

मी कॉमर्सचा माणूस. तत्त्वज्ञानात आमची धाव खातेवहीपर्यंत. पण बँकेच्या हिशेबात एक खातं असतं, ते मला या बाबतीत न्यायशास्त्राच्या तोडीचं वाटतं. त्याचं नाव सस्पेन्स अकाउंट. सिनेमाशी त्याचा काही संबंध नाही. समजा, एक रक्कम आली. कोणाच्या खात्यात घालायची ते कळत नाही. नंबर अर्धवट आहे, नाव जुळत नाही. मग ती परत रस्त्यावर टाकून द्यायची नाही, स्वतःच्या खिशात घालायची नाही आणि बँकेचा नफा म्हणून दाखवायची तर मुळीच नाही. तारीख, रक्कम आणि कोणाकडून आली ते लिहून सस्पेन्सला ठेवायची. पुरावा आला की योग्य त्या खात्यात वळवायची. आणि ऑडिटर विचारील, ‘हे अजून इथे का?’ तेव्हा तोंड लपवायचं नाही.

काउंटरवर बसणाऱ्याला याचा रोज सराव असतो. एखाद्या आजी येतात. हात थरथरतो, सही जुळत नाही. ‘सही जुळत नाही’ असं कारकून म्हणतो, तेव्हा त्याला वाटतं आपण सहीबद्दल बोललो. आजींना ऐकू येतं, ‘तुम्ही तुम्ही नव्हेच.’ चाळीस वर्षं ज्या नावाने संसार केला, त्या नावाची ती बाई आपण आहोत, हे त्यांनी काचेपलीकडच्या पोराला पटवायचं! शहाणा कारकून काय करतो? आधी खुर्ची देतो, पाणी देतो. म्हणतो, ‘आजी, तुमच्याबद्दल शंका नाही. कागदाची समजूत घालायची आहे, ती आपण दोघं मिळून घालू.’ पैसे तो तोपर्यंत देत नाही, हे लक्षात घ्या. पण आजी मान खाली घालून घरी जात नाहीत.

रुबी क्रीकच्या बाईचा जमाखर्च याच रीतीने मांडता येतो. ती घाबरली, हे तिच्या खात्यात बिनशर्त जमा. तीन मुलांना घेऊन ती पळाली, हेही जमा. मुलांसह त्या दिवसाच्या जागी आपण असतो, तर चपला शोधत बसलो असतो. घर सोडावं लागलं, हा तिचा निव्वळ तोटा. राहता राहिला तो साडेसात फुटांचा गृहस्थ. तो सस्पेन्सला. नफ्यात मात्र नाही. नफ्यात कसं दाखवतात ते पाहायचं असेल, तर त्याच भागातलं हॅरिसन हॉट स्प्रिंग्ज हे गाव पाहा. प्रांताच्या शताब्दीसाठी पैसा मिळणार होता, तेव्हा १९५७ मध्ये या गावाने सॅस्क्वाचच्या शोधमोहिमेसाठी सहाशे डॉलर मागितले. डॉलर मिळाले नाहीत, पण प्रसिद्धी फुकटात झाली.

त्यापेक्षा मला अमेरिकेतली स्कामेनिया काउंटी शहाणी वाटते. १९६९ साली त्यांनी चक्क कायदा केला: सॅस्क्वाचला मारलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. तारीख एक एप्रिल! लोक पोट धरून हसले. पण कायद्याचं कारण वाचलं की हसू जरा आवरतं. बंदुका घेतलेले हौशी शिकारी रानात शिरू लागले होते, आणि झुडपामागे हललेली प्रत्येक सावली काही बिगफूट नसते. कधी ती लाकूड तोडणारा असतो, कधी कोणाचा तरी दाढीवाला काका. प्राणी आहे की नाही, याचा निकाल लावायला ती काउंटी थांबली नाही. माणसं वाचवायला त्या निकालाची गरजच नव्हती.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. काय खरं, हे ठरायला वर्षं लागतात, कधी शतकं लागतात. केस तपासावे लागतात, ठसे मोजावे लागतात, आणि ते काम ज्यांचं त्यांनी करावं, कसून करावं. समोरच्या माणसाशी कसं वागायचं, ते मात्र त्याच मिनिटाला ठरवावं लागतं. पहिल्या कामाला प्रयोगशाळा लागते, दुसऱ्याला नुसती खुर्ची आणि पेलाभर पाणी पुरतं. म्हणून उद्या कोणी बाई धापा टाकत आली आणि साडेसात फुटांचं काही सांगू लागली, तर चष्म्याचा नंबर नंतर विचारावा, अर्ज त्याच्याही नंतर मागावा. पहिला प्रश्न एकच: ‘मुलं सुखरूप आहेत ना?’