हात कोणाच्या देहावर बसावा ?

विद्येचे प्रकार पुष्कळ. परंतु त्यांत एक असा आहे कीं, शिकणाऱ्याच्या चुकीचें मोल दुसऱ्यास द्यावें लागतें. लेखकाची चूक कागदावर राहते, सुताराची लाकडावर. शस्त्रवैद्याची मात्र जिवंत देहावर उतरते. ही गोष्ट आम्हांस ऐकून माहीत होती. ती अंगास लागली ती आमच्या मातोश्री न्हाणीघरांत घसरून पडल्या व त्यांचें मांडीचें हाड खुब्यापाशीं मोडलें तेव्हां.

मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयांत त्यांस नेलें. तेथील अस्थिशल्य विभागाचे प्रमुख आमच्या परिचयाचे. त्यांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें, "शस्त्रक्रिया आमचा तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर करील, मी शेजारीं उभा राहीन." आम्हीं हात जोडून विनविलें कीं, आपणच करावी. त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें व होकार दिला. पलीकडच्या खाटेवर भाजी विकणाऱ्या एक बाई होत्या. वय जवळजवळ तेंच, हाड तेंच, मोडही त्याच जागचा. त्यांच्या मुलाची कोणाशीं ओळख नव्हती. त्यांची शस्त्रक्रिया त्या निवासी डॉक्टरानें केली.

मातोश्री चौथ्या दिवशीं चौकटीच्या आधारानें उभ्या राहिल्या. त्या बाईंच्या जखमेंत पू झाला. तो शिकाऊ हातामुळें झाला असें म्हणण्यास आमच्याजवळ कसलाही पुरावा नाहीं; निष्णात हातूनही तसें होतें. पण पू झाला नसता तरी आमची सुटका नव्हती. जो धोका आम्हीं मातोश्रींपुरता नाकारला, तो त्यामुळें जगांतून नाहींसा झाला नव्हता. शेजारच्या खाटेवर तो तसाच होता, आणि आमचा त्यास आक्षेप नव्हता.

तीन आठवडे त्या कक्षांत बसून आम्हीं ही विद्या जवळून पाहिली. एम.बी.बी.एस. झाल्यावर एम.एस. (अस्थिशल्य) ही पदवी आपल्याकडे तीन वर्षांची. अमेरिकेंत हेंच शिक्षण पांच वर्षें चालतें. पहिल्या वर्षीं प्लॅस्टर भिजवावें, पायास वजनें टांगावींत, जखमा धुवाव्या, क्ष-किरण चित्रें शोधीत धांवावें, रक्ताच्या पिशव्या आणाव्या. मध्यरात्रीं मनगट मोडून आलेल्याचें हाड ओढून जागीं बसवावें. दुसऱ्या वर्षीं शिशाचा जड झगा घालून तासन्‌ तास जखमेच्या कडा ओढून धरावयाच्या व डोळ्यांनीं शिकावयाचें. मग तिसऱ्या वर्षीं एके दिवशीं गुरु बाजूस सरकतात आणि गिरमिट हातीं येतें.

येथें एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. हाडास धातूची पट्टी बसवावयाची तर स्क्रूसाठीं आरपार भोंक पाडावें लागतें. लांब हाड म्हणजे नळी. तिला अलीकडची एक टणक भिंत आणि पलीकडची एक. पलीकडची भिंत सुटली कीं हात त्याच क्षणीं थांबला पाहिजे. अर्धा अंगुळ अधिक गेला तर तिकडची रक्तवाहिनी किंवा मज्जातंतु दुखावण्याची भीति. भिंत सुटल्याचें डोळ्यांस दिसत नाहीं. गिरमिटाचा आवाज किंचित्‌ बदलतो, हातास कांहीं पोकळ लागतें, एवढेंच. तरुणाचें हाड ज्या जोरानें भेदावें त्या जोरानें म्हातारीचें भेदूं गेल्यास हात आंत घसरतो. हें ज्ञान कोणत्याही ग्रंथांत उतरवितां येत नाहीं.

आपल्या पूर्वजांस ही अडचण चांगली ठाऊक होती. सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय नेमका याच विषयावर आहे. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा; वेध घेण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर; पट्टी बांधण्याचा कापडी बाहुल्यावर. पुष्कळ पढलेला शिष्यही असा सराव न करील तर कामास अयोग्य, असा त्याचा स्वच्छ अभिप्राय. आज भोपळ्याच्या जागीं प्लॅस्टिकचीं हाडें आलीं आहेत, प्रेतांवरही अभ्यास होतो. परंतु प्लॅस्टिकला रक्त नाहीं आणि प्रेतास वेदना नाहीं. भोपळ्यापासून माणसापर्यंतचें शेवटचें पाऊल माणसावरच टाकावें लागतें.

निवासी ही संज्ञा रुग्णालयांतच राहण्यावरून पडली. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्यें उघडलें. तेथें विल्यम हाल्स्टेड यांनीं शस्त्रवैद्यांच्या शिक्षणाची ही रीत घालून दिली. कठोर श्रमांचा हा पुरस्कर्ता १८८४ च्या सुमारास स्वतःवर कोकेनचे प्रयोग करतां करतां व्यसनांत सांपडला होता आणि पुढें मॉर्फिनच्या आहारीं गेला, ही गोष्ट त्याचें नांव आदरानें घेणाऱ्यांनीं विसरूं नये. त्याच देशांत २००३ पासून निवासी डॉक्टरांस आठवड्यास ८० तासांची मर्यादा आहे. आपल्या सरकारचा १९९२ चा आदेश तर सामान्यतः ४८ तासच सांगतो. आम्हीं पाहिलेला मुलगा एका सकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत पायांवर होता व भिंतीशीं टेकून उभ्यानेंच डुलक्या घेत होता. श्रमानें विद्या येते हें खरें मानलें तरी झोपमोडीनें ती अधिक येते असें कोणी सिद्ध केल्याचें आम्हांस माहीत नाहीं; आणि त्या डुलकीचें मोलही पुन्हा खाटेवरच्यासच द्यावयाचें.

कोणी म्हणेल, गुरु शेजारीं उभा असतो, मग धोका कोठें आहे ? तो थोडा आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तो खरोखरच नगण्य असता तर आम्हीं हात कशास जोडले असते ? आणखी कोणी म्हणेल, रोग्याची संमति घेतलेली असते. त्या बाईंनीं अंगठा उठविला तेव्हां आम्ही तेथेंच होतों. नाहीं म्हटलें तर जावयाचें कोठें, हें ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या होकाराची किंमत वाचकांनींच ठरवावी. सुखवस्तु लोक खासगी रुग्णालयांत जातात, आणि तेथें त्यांचें हाड सफाईनें जोडणारा हात बहुधा अशाच एखाद्या सार्वजनिक कक्षांत, अशाच एखाद्या बाईंच्या देहावर बसलेला असतो. त्या विद्येचें शुल्क कोणी भरलें, हें बिलांत लिहिलेलें नसतें.

त्या मुलाविषयीं दोन शब्द लिहिले नाहींत तर अन्याय होईल. बाईंची जखम तो स्वतः धूत असे. काम पहिल्या वर्षाच्या मुलांचें होतें तरी कोणास हात लावूं देत नसे. रात्रीं अकरास येई, कंदिलाजवळ न्यावें तसा जखमेजवळ आपला छोटा दिवा नेई, बराच वेळ पाही. एकदां आम्हीं विचारलें, हें कशानें झालें असेल ? तो म्हणाला, "ठाऊक नाहीं. माझ्यामुळें नसेलही. पण आपण नाहीं म्हणालांत, त्या नाहीं म्हणाल्या नाहींत. तेव्हां मला बघितलेंच पाहिजे." त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

पू आटला, बाई दीड महिन्यानें घरीं गेल्या. आमच्या मातोश्रींच्या दुसऱ्या पायाचें हाडही तितकेंच ठिसूळ आहे, असें डॉक्टरांनीं बजावलें आहे. न्हाणीघरांत आम्हीं धरावयास दांडी बसविली आहे. तरी तो प्रसंग पुन्हा आला तर आम्ही हात जोडूं कीं नाहीं, हें आज निश्चयानें सांगण्याची आमची छाती होत नाहीं.