रिले ट्रिप झाला म्हणजे काय झालं?

मोटर थांबली की पॅनेलकडे आधी धावतो तो ओव्हरलोड रिलेचं रीसेट बटण दाबतो. मोटर फिरते, लाइन चालू होते, सुपरवायझर वळून निघून जातो. बिघाड मात्र जागच्या जागी असतो. त्याच्याबद्दल बोलणारा एकच जण होता, त्याला आपण गप्प केलेलं असतं.

रिलेच्या पोटात दोन धातूंच्या जोडपट्ट्या असतात. मोटरीकडे जाणारा प्रवाह त्यांच्यापाशी उष्णता निर्माण करतो. दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, म्हणून पट्टी वाकते आणि ठरल्याइतकी वाकली की कॉन्टॅक्टरचा पुरवठा तोडते. म्हणजे मोटरीच्या आत जे तापतं आहे, त्याची लहानशी नक्कल पॅनेलमध्ये बसलेली असते. ती सांगते एवढंच की मोटर झेपेल त्याहून जास्त ओढते आहे. का ओढते, हे तिला ठाऊक नसतं.

भांडण सुरू होतं ते इथे. इलेक्ट्रिशियन म्हणतो लोड जास्त आहे, फिटर म्हणतो मोटर कमजोर आहे. आयटीआयमध्ये दोघांचे ट्रेड वेगळे, दोन-दोन वर्षांचे, बाकंही वेगळी. मशीनला ही वाटणी कुणी कळवलेली नसते. गिअरबॉक्सचं बेअरिंग जाम होऊ लागलं की शाफ्ट जड फिरतो, मोटरीचा वेग किंचित उतरतो आणि ती लाइनमधून जास्त प्रवाह ओढते. दुखणं लोखंडात, कण्हणं तांब्यात.

मी भोसरीत अप्रेंटिस होतो तेव्हा कन्व्हेअरची 10 एचपीची मोटर शिफ्टमध्ये तीनदा ट्रिप व्हायची. नेमप्लेटवर 14 अँपियर. रोजच्या कटकटीला कंटाळून मी रिलेची सेटिंग 14 वरून 16 वर नेली. ट्रिप बंद. माझं कौतुकही झालं. वाढ सातव्या हिश्श्याची, पण वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ 30 टक्के. इन्शुलेशनचा तर जुना ठोकताळा आहे : तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. दुसऱ्या आठवड्यात वार्निश जळल्याचा वास आला आणि मोटर रिवाइंडिंगला गेली. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, कारण मी काय केलंय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

रिवाइंड होऊन मोटर परत आली, तेव्हा आमचे मामा (फोरमनला सगळे मामाच म्हणत) म्हणाले, "पट्टा चढवू नकोस. आधी रिकामी फिरव." टाँग टेस्टर तिन्ही फेजना लावला : साडेपाचच्या आसपास, तिन्हीकडे सारखा. मोटर निर्दोष. मग मेन स्विच बंद करून कुलूप घातलं, टेस्टरने खात्री केली आणि मामांनी गिअरबॉक्सची पुली हाताने फिरवायला सांगितली. अर्ध्या फेऱ्यात ती अडली, खरखरली. मीटरने जे सांगितलं नव्हतं ते तळहाताला कळलं.

दर वेळी उत्तर तिकडेच असतं असं नाही. एक फ्यूज उडाला, तर चालू मोटर उरलेल्या दोन फेजांवर घुमत, कुरकुरत फिरत राहते. त्या दोन तारांत प्रवाह साधारण पावणेदोन पट होतो आणि तोच रिले तसाच ट्रिप होतो. तेव्हा बेअरिंग उघडत बसलात तर दिवस वाया. म्हणून तिन्ही फेज मोजायच्या. एकच फेज मोजून निदान करणारे आजही भेटतात, आणि त्यांचा आत्मविश्वास दांडगा असतो.

बेअरिंग बदललं, पट्टा चढला, फुल लोडवर काटा 11 वर स्थिर झाला. पॅनेलचं दार लावण्याआधी मामांनी आत वाकून पाहिलं, खिशातला छोटा स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि रिलेच्या डायलकडे बोट केलं. मी तो 16 वरून 14 वर आणला. ते काहीच बोलले नाहीत.