फळ, बीज आणि कंद

आंब्याचे फळ, कष्टाचे फळ, पापाचेही फळच. व्यवहारात हा एकच शब्द सर्वत्र पुरतो. बीजाची गोष्ट निराळी. आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका, कापसाची सरकी. बीज ओळखावयाचे तर नावागणिक ओळखावे लागते. कर्मविचारातही असेच आहे. फळ सर्वांस दिसते. बीज पारखावे लागते.

साधक म्हणतो, ‘मला कर्माचे फळ नको.’ परंतु फळ नाकारल्याने बीज नाहीसे होते काय? ‘निष्फळ’ व ‘निर्बीज’ हे शब्द एकार्थी नव्हेत. निष्फळ कर्म म्हणजे वाया गेलेले कर्म. निर्बीज कर्म म्हणजे ज्यातून पुढील वासना उगवत नाही असे कर्म. भुकेल्यास अन्न दिले तर त्याची भूक शमावीच. ते फळ कोणी टाळावे? टाळावयाचे ते ‘मी दिले’ हे स्मरण.

शंका : बीजावाचून फळ संभवते काय?

समाधान : वसईच्या बागायतीत ते प्रत्यक्ष पाहावे. जिची सुकेळी करतात ती तेथील राजेळी केळी सोलली असता बी सापडत नाही. बीजाच्या खुणेचे बारीक काळे ठिपके तेवढे असतात. झाड एकदाच घड देते व सरते. गोडी आहे, बीज नाही. निर्बीज कर्माला याहून चांगला दृष्टान्त कोणता, असे वाटते.

परंतु येथे घाई करू नये. बागाईतदारास विचारावे. तो सांगेल की, ही केळ बियांनी नव्हे, मुनव्यांनी वाढते. वरचा घड उतरण्यापूर्वीच खाली कंदातून मुनवे डोकावतात. जास्तीचे खणून काढले तरी कंद आहे तोवर नवे येतच राहतात. याउलट सह्याद्रीच्या कड्यांवरील रानकेळ टणक काळ्या बियांनी भरलेली असते; तिला मुनवे फुटत नाहीत. म्हणजे बी दिसली नाही एवढ्यावरून वंश खुंटला असे समजू नये.

साधकाचेही तसेच होते. दानाचे फळ सोडले, मानाची इच्छा सोडली. पण लोकांनी आपणांस त्यागी म्हणावे हा मुनवा कोठून आला, हे त्याला कळत नाही. तो छाटावा, तो ‘मी छाटला’ म्हणून दुसरा उगवतो.

तात्पर्य, मुनवे रोज खुडणे हे साधकाचे काम. त्यात आळस नको. परंतु अनादी अविद्येचा कंद जीवाच्या बळाने उपटत नाही. देवताफळे भोगून सरतात आणि जीव पुन्हा कर्मभूमीवर येतो, तो या कंदामुळेच. त्याचे छेदन परमेश्वराच्या कृपेवाचून नाही. म्हणून उपदेशी असो वा वासनिक, आपल्या त्यागाचा घड मोजीत बसू नये. कंदाकडे पाहावे आणि अनन्यभावे शरण जावे.

दण्डवत प्रणाम.