जबाबदारी कुणाची?

६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को. हवा स्वच्छ. उतरण्याचा कोन दाखवणारी रेडिओ यंत्रणा बंद, म्हणून एशियाना २१४ च्या वैमानिकांना धावपट्टी नजरेने बघत उतरायचं होतं. वेग ऑटोथ्रॉटल सांभाळतंय असं त्यांनी गृहीत धरलं. ते सांभाळत नव्हतं. १३७ नॉट हवा असलेला वेग १०३ पर्यंत घसरला. शेपूट समुद्राच्या बांधावर आपटलं, तिघांचा जीव गेला.

मी स्वतः ऑटोमेशनचा कोड लिहितो, म्हणून हा प्रश्न सोडत नाही: दोष कुणाचा? मला वाटतं, काम यंत्राकडे दिलं तरी जबाबदारी आपल्याकडेच राहते. हाताने विमान उतरवताना नजर सतत फिरती लागते: धावपट्टी, वेग, पुन्हा धावपट्टी. ही सवय गरज नसताना केलेल्या सरावातूनच लागते.

आज यंत्रावर सोडलेलं एक काम स्वतः करून बघा. लक्ष किती वेळा सुटतं, ते मोजा.